लेकीचा विळा

"एवढ्या वेळात मुंगीनंही ओळ संपवली असती," जाऊ माझ्या कानाशी पुटपुटली, तेही पोटच्या लेकीबद्दल. "सांगत होते, हिचं काम नाही हे."

मी मान खाली घालून गहू कापत राहिले. आभाळ काळवंडलं होतं. वारा ओंब्यांना नुसता छळत होता. भाऊजींनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "पोरीनं पावसाआधी आपली पात संपवली तर यापुढं हे वावर तिनं बघायचं. नाही तर दुसऱ्याला वाट्यानं देतो."

पोरगी एकवीस वर्षांची. पण ती चहा गाळायला लागली की अजून आई पातेलं धरायची. वावर मात्र तिला हवं होतं, अगदी मनापासून.

ती घामानं निथळत होती. मूठ धरून विळा ओढला की काडं कापली जायची सोडून मुळासकट हातात यायची.

"अगं, कापतेस की उपटतेस?" भाऊजी बांधावरून ओरडले.

"कापतेय, बाबा!"

तिनं चिडून जोर लावला. विळा काडांवरून सटकला आणि डाव्या हाताच्या बोटात शिरला.

जाऊ पेंढ्या तुडवत धावली. "बघा! सांगत होते ना! चल घरी." पदर फाडून चिंधी बांधली.

मी विळा उचलून पात्यावर अंगठा फिरवला. लोणी कापलं नसतं त्यानं. सुगी आली की लेकीसाठी वेगळा ठेवलेला तो विळा जाऊ पायरीच्या दगडावर आडवा घासत बसायची. मला दिसायचं, भाऊजींनाही दिसायचं. आईचा जीव म्हणून आम्ही दुसरीकडे बघायचो.

"मोठी आई, तुझा विळा दे."

"देऊ नका हो, जाऊबाई!"

मी दिला. पोरगी उकिडवी बसली. खस्सकन एका ओढीत मूठ मोकळी झाली. दुसरी. तिसरी. चिंधी लाल होत होती, पण हात थांबेना.

"माझ्या विळ्याला काय झालं होतं?" तिनं मान वर न करता विचारलं.

भाऊजी आभाळाकडे बघायला लागले. जाऊ फाटक्या पदराशी चाळा करत राहिली. एक टपोरा थेंब माझ्या मनगटावर पडला.

"तुझ्या आईनं त्याची धार घालवली," मी म्हणाले. "दरवर्षी घालवते. आणि आम्ही बघत बसतो."