‘झोपी’च्या पुढचा शब्द

आमचे पप्पा चर्चमध्ये झोपायचे. अधूनमधून डुलकी लागायची असं नव्हे. अगदी पद्धतशीर, दर रविवारी, उपदेशाचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत. मान छातीवर, हात मांडीवर आणि चेहऱ्यावर असं समाधान, की नवख्या माणसाला वाटावं हा प्रार्थनेत बुडालाय. जुनी मंडळी काही फसायची नाहीत. ती पप्पांना डुलकीकाका म्हणायची. पप्पांना त्याचा राग यायचा नाही, कारण बहुतेक वेळा ते ऐकायला ते जागेच नसायचे.

दोष त्यांचा नव्हता, भट्टीचा होता. आमची बेकरी आहे. रविवारी सकाळी अख्ख्या गावाला ताजा पाव हवा असतो, म्हणजे शनिवारी रात्रभर कुणाला तरी पीठ मळावं लागतं. पप्पा पहाटे शेवटचे साचे भट्टीतून काढायचे, अंघोळ करायचे, कोट चढवायचे आणि चर्चमध्ये आईच्या उजव्या हाताला येऊन बसायचे. कितीही साबण चोळला तरी अंगाचा खमिराचा वास जायचा नाही. आई आपली ताठ बसलेली. उपदेश संपत आला की तिचा उजवा कोपर पप्पांच्या बरगडीत जायचा. पप्पा ताडकन उठून उभे राहायचे आणि शेवटचं गाणं सगळ्यांच्या वरताण आवाजात म्हणायचे. बेसूर, पण मनापासून.

बाकीचे दिवस ते कामावरून आले की सकाळपासून दुपारपर्यंत घरी झोपायचे आणि आई दारावर पहारा द्यायची. पोस्टमन येवो, मामा येवो, नाहीतर थेट नगराध्यक्ष येवोत, दार अर्धंच उघडायचं आणि आवाज त्याहून अर्धा. “झोपलेत. अजून उठायचे आहेत.” की दार बंद. माझं सगळं लहानपण कुजबुजण्यात गेलं. मोठ्याने हसायचं असेल तर मी शेजारी जायचे. आज भट्टीवर मी कामगारांवर जी काही ओरडते ती तेव्हाची थकबाकी आहे, असं आई म्हणते.

मागच्या हिवाळ्यात पप्पा गेले. सकाळी कामावरून आले, झोपले, आणि दुपारी आई उठवायला गेली तर उठले नाहीत. मला अजून त्या दुपारची चीड येते. कुणावर चिडायचं ते ठरत नाही, म्हणून मी सगळ्यांवर चिडते.

कबरीच्या दगडावर काय कोरायचं हे नव्या पाळकांनी सुचवलं. पाळक तरुण, उमदे, आमच्याकडे येऊन वर्षही झालेलं नव्हतं. “प्रभूमध्ये झोपी गेले,” ते म्हणाले. आपल्याकडे पूर्वीपासून असंच लिहितात, साधं आणि सुंदर. आईने मान डोलावली. त्या आठवड्यात ती कशालाही मान डोलवत होती. मजकूर पाथरवटाकडे गेला.

पुढे एका रविवारी पाळकांनी बायबलमधल्या दहा मुलींच्या दाखल्यावर उपदेश केला. नवरदेवाची वाट पाहत दिवे घेऊन बसलेल्या त्या मुली. पाच शहाण्या, पाच बावळट. नवरदेवाला उशीर होतो. बावळट मुलींचं तेल संपतं, त्या तेल आणायला धावतात, तोवर नवरदेव येतो, शहाण्या आत जातात आणि दार लागतं. मागून आलेल्या दार ठोठावतात, तर आतून उत्तर येतं, मी तुम्हाला ओळखत नाही. पाळक रंगात आले होते. “म्हणून जागे राहा!” त्यांनी पुढच्या लाकडी मेजावर हात आपटला. “झोपलेल्याला तो दिवस सापडणार नाही!”

आई शेवटच्या गाण्याला उभी राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सकाळी सकाळी पाथरवटाला फोन लावला. “थांबवा,” ती म्हणाली. “झोपी गेले नको.”

“बाई, ‘प्रभूमध्ये झोपी’ इथवर कोरून झालंय,” तिकडून आवाज आला. “‘गेले’ तेवढं राहिलंय.”

“मग ते कोरू नका.”

“मग काय कोरू?”

आता आली का पंचाईत! मी पिठाचे हात पुसत विचार करायला बसले. तुम्हीही करून बघा. मराठीत ‘झोपी’ या शब्दाला ‘जाणे’ सोडून दुसरा सोयराच नाही. झोपी येत नाही, झोपी राहत नाही, झोपी उठत तर मुळीच नाही. एकदा ‘झोपी’ म्हटलं की गेलंच पाहिजे. घासून काढू का, असं पाथरवटाने विचारलं, पण घासलं तर दगडाला खळगा पडणार. खळगा पडलेला दगड माझ्या नवऱ्याच्या उशाशी नको, असं आईने त्याला ठणकावून सांगितलं. मग मी तिच्या हातून फोन घेऊन सांगितलं की दोन दिवस काम तसंच राहू द्या, आणि फोन ठेवला.

“अगं, हसतील म्हणून घाबरतेस ना?” मी आईला म्हटलं. “हसू देत की. डुलकीकाका प्रभूमध्ये झोपी गेले. पप्पा स्वतः पोट धरून हसले असते.”

“लोकांची पडलीय मला?” आई एकदम कडाडली. एवढा मोठा आवाज मी त्या घरात तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. “दार लागलं तर? आयुष्यभर उपदेश सुरू झाला की हा माणूस झोपला. जे ऐकायचं ते त्यांच्या कानावर गेलंच नाही. मी आत आणि ते बाहेर, आणि मधे दार. मग एकटीने आत राहून मी करू काय?”

माझा स्वतःचा विश्वास जेमतेम आहे. मी चर्चला जाते ती मुख्यतः आईला सोबत म्हणून. पण समोर आई रडत होती आणि तिचं रडणं अगदी सरळ होतं. तिला पप्पा परत भेटणार होते की नाही, एवढंच तिला हवं होतं. मी एप्रनसकट चर्चच्या मागच्या घरी गेले आणि पाळकांना म्हटलं, “तुम्ही दार लावलंत, आता तुम्हीच येऊन उघडा.”

ते बिचारे घरच्या सपाता घालूनच आले. स्वयंपाकघरात बसले, चहा समोर घेतला. आईने जे मला विचारलं तेच त्यांना विचारलं, फक्त हळू आवाजात.

“काकू, आत्म्याचं तारण जागं राहून मिळत नाही,” पाळक म्हणाले. “ते कृपेने मिळतं. कमवावं लागत नाही.”

“ते मला पाठ आहे,” आई म्हणाली. “पण दार लागलं ना? झोपलेल्या बाहेर राहिल्या ना?”

पाळकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “काल मी एक गोष्ट गाळली,” ते म्हणाले. “मेजावर हात आपटायच्या नादात. त्या दहाच्या दहा झोपल्या होत्या.”

“शहाण्यासुद्धा?” हे मी विचारलं. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकतेय, पण मी तरी कधी धड ऐकली होती!

“शहाण्यासुद्धा. नवरदेवाला उशीर झाला आणि सगळ्यांना झोप लागली. झोपण्याबद्दल कुणालाच कुणी रागावलं नाही. हाक आली तेव्हा सगळ्या उठल्या. फरक तेलाचा होता.”

आईने पदराने डोळे पुसले, पण ती अशी सोडणारी नव्हे. “मग तेल. यांच्याकडे ते होतं कशावरून?”

“ते मला दिसत नाही, काकू. कुणाचंच दिसत नाही. निवाडा करणारा मी नव्हे, आणि तो मी नाही याचं मला रोज बरं वाटतं.”

उत्तर प्रामाणिक होतं, पण आईच्या पदरात त्याने काही पडेना. मला राहवलं नाही. “आई, नुसतं झोपायचं असतं तर घरी गादी होती की! रात्रभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस कोट चढवून लाकडी बाकावर झोपायला कशाला जाईल?”

“मीही तेच म्हटलं होतं त्यांना,” आई म्हणाली. “चारचौघांत घोरले होते, त्या दिवशी. मी म्हटलं, अहो, झोपायचंच आहे तर घरीच झोपा, माझी शोभा कशाला करता? तर म्हणाले, झोपायला कुठे येतो मी, उठायला येतो. तू कोपर मारतेस, डोळे उघडतो तर सगळे उभे असतात, गात असतात, आणि तू शेजारी असतेस. तेवढ्यासाठी येतो.” तिने पदर सारखा केला. “मला वाटलं थट्टा करतायत. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.”

पाळकांच्या चहावर साय धरली. मी उगाचच ओटा पुसायला घेतला, जो आधीच पुसलेला होता.

तेवढ्यात दार वाजलं. माझे हात ओले, म्हणून आई उठली. पिठाच्या गाडीवर नवा माणूस आला होता, त्याला आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं.

“मालक आहेत का?” त्याने विचारलं.

आईने दार अर्धं उघडलं होतं. आवाज त्याहून अर्धा. “झोपलेत,” ती म्हणाली. “अजून उठायचे आहेत.”

“बरं, मग येतो नंतर,” म्हणून तो गेला.

आईचा हात कडीवरच राहिला. मला वाटलं, आता ही कोसळते. मी पुढे झाले, पण ती वळली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. रडका होता आणि तरी त्यात जुना तोरा होता, दारावरचा.

“पाळकसाहेब, मी खोटं बोलले का?”

पाळक उभे राहिले होते. “नाही, काकू,” ते म्हणाले. “आपण सगळे दर रविवारी उभं राहून हेच तर म्हणतो. मेलेले उठतील.”

“तसं म्हणतो खरं,” आई म्हणाली. “पण ते फार लांबचं वाटतं. हे जवळचं आहे.”

तिने सरळ फोन उचलला आणि पाथरवटाला सांगितलं, “‘गेले’ कोरा. आणि खाली आणखी एक ओळ घ्या. अजून उठायचे आहेत.”

“दगडावर असं कुणी लिहीत नाही, बाई,” तो म्हणाला. मला इकडे ऐकू येत होतं.

“दगडावर नसतील लिहीत. आम्ही दारावर सांगतो,” आई म्हणाली आणि फोन ठेवला. पिठाची गाडी मात्र मला कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन गाठावी लागली, नाहीतर दुसऱ्या दिवशी गावाला पाव मिळाला नसता.

दगड बसवला त्या दिवशी बरीच मंडळी आली. ओळ वाचून पहिल्यांदा डुलकीकाकांचे जुने दोस्त हसले. मग त्यातल्या एकाने चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ तो परत लावलाच नाही. पप्पांच्या डाव्या बाजूची जागा आईने स्वतःसाठी धरून ठेवलीय. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. मला विचारावं लागलं नाही. तिकडून तिचा उजवा कोपर पोचतो.

पाळकांनी या वेळी थोडक्यात आटोपलं आणि शेवटचं गाणं सांगितलं. मी आईच्या उजव्या हाताला उभी होते. पहिली ओळ सुरू व्हायच्या आत माझ्या बरगडीत तिचा कोपर असा काही बसला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“अगं, मी जागी आहे!” मी कुजबुजले.

“माहितीय,” समोरच्या दगडाकडे बघत आई म्हणाली. “सवय मोडायला नको.”