पपईतली गोळी

रक्तदाब वाढलाय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सलूनवाल्याने डॉक्टरांनाच वेड्यात काढलं. घरी येऊन बायकोला म्हणाला, “एकदा गोळी लागली की जन्माची लागली! निसर्गाने फळं काय शोभेला दिलीत?”

झालं. घरात केळी, डाळिंबं, पपई, किवी यांचा नुसता सुकाळ. फळं खाऊन गडी गुटगुटीत झाला, पण दाब काही उतरेना. बायकोने समजावलं, भांडली, रडून पाहिलं. हा ढिम्म! शेवटी तिने डॉक्टरांना गुपचूप विचारलं, ही गोळी कुटली तर चालते का? चालते म्हणाले. कशात घालणार, ते तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गोळीची पूड मधात कालवून सकाळच्या पपईवर पडू लागली.

दाब उतरला आणि नवरा चढला! आरशापाशी दाब मोजायचं मशीन आलं, भिंतीवर फळांची चित्रं आली. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की प्रवचन सुरू, आणि मग स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून आकडा दाखवायचा. गळ्याशी वस्तरा असताना वाद घालणार कोण? लोक त्याला ‘फळाचार्य’ म्हणायचे. त्याला तो मान वाटायचा, आणि बायकोला घरी हसू आवरायचं नाही.

ते हसू एका फोनने पळालं. फोन वन्संचा होता. त्या दोन गल्ल्या पलीकडे शाळेचे गणवेश शिवायच्या, आणि दाबाची गोळी वर्षानुवर्षं घ्यायच्या.

“वहिनी, मीपण गोळी बंद केली हं! दादासारखी फळंच खाते.”

खरं सांगावं, तर नवरा उद्यापासून पपईला शिवणार नाही. “एकदा डॉक्टरांना विचारा हो,” एवढंच ती कसंबसं बोलली आणि फोन ठेवला. स्वतःची लाज वाटली तिला, पण नवऱ्याच्या जिवाची भीती त्याहून मोठी होती.

रविवारी सलून भरलेलं असताना फळाचार्यांनी बहिणीला मुद्दाम बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर दाब मोजायचा होता. डबा घेऊन बायकोही आली होती. वन्सं कपाळ दाबतच खुर्चीत बसल्या. मशीनवरचा आकडा बघून बाकावरची माणसं पेपर वाचता वाचता थांबली.

“मशीन बिघडलं,” नवरा म्हणाला. त्याने पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. आकडा अगदी झकास. “नाही, मशीन ठीक आहे. म्हणजे तूच फळं मनापासून खात नाहीस.”

आता मात्र बायकोचं डोकं फिरलं. “मनापासून कसलं डोंबल! तुमच्या पपईत रोज गोळी असते. मी घालते!”

शेजारच्या खुर्चीतलं फेस लावलेलं गिऱ्हाईक ताडकन उठून बसलं. “अहो, मग मी सोडल्या त्या गोळ्या?”

बाकावरही कोणीतरी खाकरलं.

“मला फसवलंस तू,” नवरा म्हणाला.

“हो, फसवलं. तुम्ही जगावं म्हणून. आणि तुम्ही या सगळ्यांना कुठे पाठवायला निघाला होतात?”

उत्तराची वाट न बघता तिने वन्संना धरून उठवलं आणि दवाखान्याची वाट धरली. मागून हातात ब्रश तसाच धरून नवरा धावत येत होता, आणि त्याच्या मागे एका गालावर फेस असलेलं ते गिऱ्हाईक. रस्त्यावरची माणसं थांबून हसत होती.

वन्सं हसल्या नाहीत. भिंतीला हात टेकत, धापा टाकत त्या म्हणाल्या, “वहिनी, दादाला पपईतून तरी मिळाली. मी फोन केला होता ना तुला?”

बायकोने त्यांचा हात घट्ट धरला. त्यांचा भार आपल्या खांद्यावर घेऊन ती पुढे चालू लागली.