बाकावर बसलेलं अस्वल

मी एक खेळ बोलतोय. मैदानातला नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचा. अंगानं लहान, तासा-दीड तासात संपणारा. लोक मला 'ऊबदार' म्हणतात. इतक्या जणांनी म्हटलंय की मी खेळ आहे की घोंगडी, असा मलाच प्रश्न पडतो. खरं सांगू? माझ्यात ऊबबीब काही नाही. साखरेत घोळलेलं कारलं आहे मी.

माझी गोष्ट एवढीशी. एक छोटं अस्वल असतं. त्याचा म्हातारा बाप तळ्यापलीकडे एकटा राहतो. बाप टोपी विसरून गेलेला असतो, ती द्यायला अस्वल निघतं. वाटेत एक चिडकं बदक त्याला होडीत घेतं, एक हरवलेलं कोकरू सोबतीला येतं, थोडा पाऊस, थोडा चिखल. शेवटी बाप एका बाकावर बसलेला सापडतो. अस्वल त्याला टोपी देतं आणि शेजारी बसतं. संपलं.

मला दोघी बहिणींनी घडवलं. थोरली एका दातांच्या दवाखान्यात, आलेल्या-गेलेल्याला वेळ देणं, कुणाची कुरकुर असेल तर ती ऐकून मिटवणं, हे काम करायची. हातात घेतलेलं तडीस नेणारी बाई. धाकटी चित्रं काढायची. एक झाड तीनदा खोडून चौथ्यांदा पहिल्यासारखंच काढणारी. थोरलीनं मला चालायला शिकवलं, धाकटीनं मला तोंड दिलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका कडेला चिरलेली भाजी आणि दुसऱ्या कडेला मी, असा वाढलो.

"ताई, बदकाला चालताना जरा डुलव ना."

"इथे अस्वल जमिनीतून खाली पडतंय, आणि तुला बदकाचं पडलंय?"

"आधी बदक."

थोरली कपाळाला हात लावायची आणि आधी बदकच डुलवायची. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणाल तर तेच.

आता बाकाचं सांगतो. त्यांचे बाबा शाळेची बस चालवायचे. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून कान किटलेले, त्यामुळे घरी आले की गॅलरीतल्या बाकावर गप्प बसायचे. शेवटच्या आजारपणातही तिथेच. कुणी जवळून गेलं की म्हणायचे, "बस जरा." बोलायचं काहीच नसायचं. धाकटी बसायची. थोरली टेकायची, गोळ्या घेतल्या का विचारायची आणि उठायची. घर तिच्या पगारावर चाललं होतं, दवाखाना तिची वाट बघत थांबणारा नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे तिची बाजू कुणी घेतली नाही, निदान मी तरी घेतो.

बाबा गेल्यावर धाकटीनं तो बाक माझ्या शेवटी आणून ठेवला, आणि एकच हट्ट धरला. अस्वल बापाशेजारी बसलं की पुढे काहीही घडायचं नाही. कुठलंही बटण चालायचं नाही, 'समाप्त' उमटायचं नाही. तळं हलत राहील, वारा वाहत राहील. ज्याला जेवढा वेळ बसायचंय तेवढं बसू दे, मग त्याचा तो खेळ बंद करील.

"लोकांना कळणार नाही गं," थोरली म्हणाली.

"ज्याला बसायचंय त्याला कळेल."

थोरलीनं त्या जागची सगळी बटणं बंद केली. बाक कुठून आला, हे न कळायला ती काही परकी नव्हती.

मी बाजारात आलो. लोकांनी डोक्यावर घेतलं. एक गृहस्थ इंटरनेटवर हजारो लोकांसमोर मला खेळले, हुंदके देऊन रडले, नाक शिंकरलं आणि पुढच्या क्षणाला म्हणाले, "चला मंडळी, आता भुतांचा खेळ लावू या!" काहींनी मला पूर्ण संपवून, 'डोळे पाणावले' असं लिहून, दुकानाला परत केलं. दुकानाचा नियमच आहे, दोन तासांच्या आत खेळ परत करता येतो. पोटभर जेवून ताट परत करावं, तशातली गत.

पण बहुतेकांचं एकच रडगाणं: खेळ गोड आहे, शेवटी मात्र अडकतो. बाकावर बसल्यावर काहीच होत नाही. दुरुस्त करा. बसायला सांगितलं तर माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलंय!

थोरली रोज सकाळी चहाबरोबर हे वाचायची. तक्रार आली की मिटवायची, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. त्याच सुमारास धाकटी परगावच्या एका शाळेच्या भिंती रंगवायला गेली होती. थोरलीनं माझ्या पोटात एक ओळ घातली. अस्वल बसलं की दहा मोजेपर्यंत थांबायचं, मग पडदा हळूहळू काळा करायचा आणि लिहायचं: समाप्त. बहीण परत येईल तेव्हा तक्रारी थांबलेल्या असतील, तिला बरं वाटेल, अशी तिची कल्पना. विचारायचं तेवढं राहून गेलं.

धाकटी आली, बॅगही न उघडता मला खेळायला बसली. पडदा काळा झाला तशी तिनं मान वळवली.

"हे काय केलंस, ताई?"

"अगं, लोक अडकत होते. मी फक्त—"

"बाबांपाशीही तू एवढंच बसायचीस."

शब्द तोंडातून गेला तो गेला. धाकटीनं तो मागे घेतला नाही. न उघडलेली बॅग उचलून धाकटी निघून गेली, ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मैत्रिणीकडे राहिली.

त्यानंतर माझी भरभराट झाली, हे माझं दुर्दैव. 'आता शेवट अगदी नेमका!' 'खेळ संपला आणि मी भावाला फोन लावला, कित्येक वर्षांनी बोललो.' 'माझ्या बहिणीला भेट म्हणून पाठवतेय.' थोरली प्रत्येकाला उत्तर देते: मनापासून आभार! शेजारीच तिचा फोन पडलेला असतो. कधी कधी ती माझ्यातली ती ओळ उघडते, खोडायला बोट ठेवते आणि उचलते. खोडली तर बहिणीचं बोलणं कबूल केल्यासारखं, ठेवली तर ते रोज खरं ठरतं. इकडे आड, तिकडे विहीर.

परवा दुपारी कुणीतरी मला विकत घेतलं. नाव खोटं होतं, पण हात मी ओळखले. प्रत्येक झाडापाशी थांबत होते. बदक डुललं तेव्हा धाकटी होडीत न बसता त्याला पुन्हा चालायला लावत राहिली. अस्वल बाकापाशी आलं, शेजारी बसलं, आणि तिनं हात मांडीवर घेतले. तिला तिथे बसायचं होतं, दुसरं काही नको होतं. मी काय करणार? मला सांगितलंय तेवढंच मला येतं. दहा झाले. मी पडदा काळा केला.

तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा सगळं तळं ओलांडून आली, पुन्हा बसली. मी पुन्हा उठवलं. मग तिनं मला बंद केलं. एक अक्षर लिहिलं नाही.

वाचकहो, माझी एक विनवणी ऐका. स्तुती पुरे झाली, तिनं आमच्या घरात कुणाचं भलं केलेलं मी तरी पाहिलं नाही. तुम्ही मला खेळलात तर तक्रार करा. खरमरीत लिहा, शिव्या घाला, म्हणा की हा खेळ माणसाला बापाशेजारी बसू देत नाही. बहिणीपुढे थोरली झुकणार नाही, पण तक्रार आली की ती मिटवते. पुष्कळ जणांनी लिहिलं, तर कदाचित ती ओळ खोडेल, आणि कुणासाठी खोडली ते कुणाला सांगावं लागणार नाही.