चार चमचे दूध

"अंगठा नीट दाबून घ्या हो मावशी, नुसता डाग नको," सिस्टरने शाईचा पॅड पुढे सरकवला.

मावशीने फडकं बादलीत टाकलं, हात कोरडे केले. लहान मुलांच्या या वॉर्डाची फरशी ती एकवीस वर्षं पुसत होती. असे अंगठेही तिने बरेच घेतले होते.

समोर डोंगरातून आलेली बाई लेकीला छातीशी गच्च धरून उभी होती. पोरगी दीड वर्षाची, पण दिसायला सहा महिन्यांची. काल दंडाला लावलेली कुपोषण मोजायची पट्टी लाल रंगावर थांबली होती. पाय तेवढे सुजलेले. आणि ती रडत नव्हती. सिस्टरला त्याचंच भय जास्त होतं.

कागदावर लिहिलं होतं, मी माझ्या मर्जीने मुलीला घरी नेत आहे. दोनला डोंगराकडची बस होती. पावणेदोन वाजले होते.

"पालथ्या घड्यावर पाणी," सिस्टर कुणाकडेही न बघता म्हणाली. दहा खाटा आणि ती एकटी. सकाळपासून तिने खुणा करून, हात जोडून पाहिलं होतं. "मरायला टेकल्यावर आणायचं आणि दुसऱ्या दिवशी पळायचं. असेच हे लोक."

बाई सारखी काहीतरी पुटपुटत होती. ती बोली वॉर्डात कुणाला येत नव्हती. मावशीला शब्दन्‌शब्द कळत होता.

"पलीकडच्या पोराला पेलाभर दूध, माझ्या लेकीला चार चमचे. कालपासून मोजतेय मी. डोंगरची म्हणून उपाशी मारतात. मरायचीच असेल तर माझ्या मांडीवर मरू दे."

मावशीने तिचा अंगठा धरला, पॅडवर टेकवला. नोकरीच्या पहिल्या दिवशी कारकुनाने विचारलं होतं, "डोंगरातली का गं तू?" तिच्या आधीच्या बाईला त्याच कारणाने घालवलं होतं, म्हणून ती नाही म्हणाली. मग त्या 'नाही'ची सवयच झाली. नवरा शहरातला. त्याने लग्नातच बजावलं, ती बोली घरात नको. आता तिची स्वतःची मुलगी जेवताना डोंगरच्या लोकांच्या बोलण्याची नक्कल करायची, आणि मावशीही सगळ्यांबरोबर हसायची.

शाई लागलेला अंगठा कागदापासून बोटभर वर होता. मावशीने तो तसाच धरून ठेवला.

"सिस्टर, हिच्या पोरीला चारच चमचे का देता?"

"आता तुम्हीपण सुरू झालात?"

"सांगा ना. का?"

"इतक्या दिवसांचं उपाशी शरीर आहे, मावशी. एकदम पोटभर दिलं तर हृदयाला झेपत नाही. थोडं थोडं, दर दोन तासांनी. पलीकडचा पोरगा परवापर्यंत चार चमच्यांवरच होता. पण हे हिला सांगू कोणत्या भाषेत?"

मावशी बाईकडे वळली. मग ती तिच्या बोलीत बोलली. शब्द गंजलेल्या कडीसारखे अडत अडत आले.

"थांब, पोरी. विझत आलेल्या चुलीत तू एकदम ओंडका टाकतेस का? आधी काडी काडीच घालतेस ना?"

बाईने झटक्यात मान वर केली.

"तो पलीकडचा पोरगाही चार चमच्यांवर होता."

"तुला बोलायला लावलंय यांनी."

मावशीने पलीकडच्या खाटेकडे हात केला, चार बोटं दाखवली. त्या मुलाची आई आधी गोंधळली. मग तिने आपल्या पोराकडे बोट केलं आणि स्वतःची चार बोटं वर धरली.

खाली बसने हॉर्न दिला. बाई दाराकडे बघत राहिली. मग खाटेच्या अगदी कडेला टेकली; पोरीला मात्र तिने खाली ठेवलं नाही.

सिस्टरने कागदाची घडी घातली. "ही बोली येते तुम्हाला?"

"माझीच आहे."

"एकवीस वर्षांत कधी बोलला नाहीत!"

"विचारलं कुणी?" मावशी म्हणाली. हे पुरतं खरं नव्हतं.

सिस्टर हातातल्या घडीकडे बघत म्हणाली, "मागच्या महिन्यात ती एक गेली ना, मुलाला घेऊन... तिचा अंगठा तुम्हीच घेतला होता."

मावशीने बादली उचलली.

त्या दिवसापासून दर दोन तासांनी फडकं ठेवून ती चमचा घेऊन हजर राहू लागली. पोरीच्या पायांची सूज उतरली, दूध वाढलं. सहाव्या दिवशी रिकामा पेला बाजूला नेला तशी ती भोकाड पसरून रडली. सिस्टर हसत ओरडली, "रड, रड! अजून मोठ्याने!"

रविवारी मावशीने नोंदवहीतून मागच्या महिन्यात गेलेल्या त्या बाईच्या पाड्याचं नाव घेतलं आणि बस धरली. उतरल्यावर तासभर चढण होती. ती बाई दारात धान्य निवडत बसली होती. तिने मावशीला ओळखलं.

"बाळ?" मावशीने त्यांच्या बोलीत विचारलं.

"गेला. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी."

मावशी उभीच राहिली. "त्या दिवशी तू म्हणत होतीस, याला गार लागतंय, एखादं पांघरूण द्या. दोनदा म्हणालीस. मला कळलं होतं."

बाईचे हात थांबले.

"मग बोलली का नाहीस?"

 

बाईने पुन्हा खडे वेचायला घेतले. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. मावशी पायरीवर टेकली आणि परतीच्या बसची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिली.