हौद्यातला उजेड

दादाला कमी ऐकू येतं हे एक गुपित होतं. निदान दादाच्या मते.

गुपित राखायची त्याची पद्धत सोपी होती. कुणी काही विचारलं की क्षणभर विचारात पडल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, "बघू." जगातल्या निम्म्या प्रश्नांना हे उत्तर चालतं. समोरचा तरीही हलला नाही, तर "तुझं तू ठरव." एवढ्या भांडवलावर दादाने गल्लीत शहाणा माणूस म्हणून नाव कमावलं होतं. लोक भांडणं मिटवायला त्याच्याकडे येऊ लागले होते.

अडचण होती ती गाडीत.

दादा आणि त्याचा धाकटा भाऊ लोकांचं घरसामान हलवायचे. धाकट्याला सगळे बारक्या म्हणत. त्याच्या देहाकडे पाहता हे कुणाला पटलं नसतं, पण लहानपणी चिकटलेलं नाव पोटाबरोबर वाढत नाही. पिकअप दादा चालवायचा आणि बारक्या मागे हौद्यात कपाटं-गाद्या सांभाळत उभा राहायचा. दोघांचं बोलणं केबिनच्या पत्र्यावर चालायचं. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. धडाधड थापा म्हणजे मेलो! इतकी वर्षं या तीन वाक्यांवर धंदा चालला आणि भावाभावांत भांडण झालं नाही, कारण या भाषेत भांडायची सोयच नव्हती.

आता थापा ऐकू येईनाशा झाल्या. दिवसा दादा आरशात बारक्याच्या हाताकडे डोळा ठेवून वेळ मारून नेई. अंधार पडला की आरशात अंधारच दिसे. म्हणून त्याने संध्याकाळची कामं घेणं सोडलं. "अंधारात सामान हलवलं की लोकांना वाटतं, भाडं बुडवून पळतायत," त्याने कारण दिलं. बारक्या लगेच हो म्हणाला. दादाला ते जरा जास्तच लगेच वाटलं.

तरी मागच्या महिन्यात एक काम लांबलं. तिन्हीसांजेला दादा गाडी मागे घेत होता, आणि घेतच राहिला. फाटकाचा खांब लागला आणि एका बाईंच्या कपाटाच्या आरशाचा चुरा झाला.

"थाप मारायचं मीच विसरलो," बारक्याने बाईंना सांगितलं.

सामान उतरवताना दादाला बारक्याचा उजवा तळवा दिसला. लालबुंद, सुजलेला. न मारलेल्या थापांनी हात सुजत नाही.

तेव्हापासून दादा एका वाक्याची वाट पाहत होता: "दादा, आता स्टेअरिंग माझ्याकडे दे." बारक्याकडे लायसन होतं. वाक्य रास्त होतं. आणि त्याला "बघू" चाललं नसतं.

आज दुपारी, गाडी घरासमोर उभी असताना, बारक्या आला तो वाक्याऐवजी पिशवी घेऊन. पिशवीतून एलईडी पट्टीची गुंडाळी निघाली.

"हौद्यात लाईट लावायची."

दादाने त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग गुंडाळीकडे. "कशाला? सोफ्याला अंधाराची भीती वाटते?"

"गिऱ्हाइकाला सामान दिसायला नको?"

"त्यांचंच सामान आहे. पाहिलेलं असतं त्यांनी."

"दादा, धर इकडून."

दादाने धरलं, पण मनात पाल चुकचुकली. माणूस गाडी सजवायला लागला की समजावं, ती आपली वाटायला लागली.

हौद्याच्या काठाखालचा पत्रा दोघांनी स्पिरिटने पुसून घेतला. पट्टी काठाच्या आतल्या अंगाने चिकटवली, म्हणजे कपाटं घासली तरी ती सोलून निघायची नाही. कोपऱ्याशी आल्यावर बारक्याने कात्री उचलली आणि नेमकी भलत्या जागी लावली.

"अरे रेड्या, खुणेवर काप! ते तांब्याचे ठिपके शोभेला दिलेत? मध्येच कापलंस तर तेवढा तुकडा मेला."

"बरं बरं."

"उद्या तुझ्या हातात गाडी..." दादाने जीभ चावली. ते वाक्य आपल्याच तोंडून काढायचं नव्हतं त्याला. मग बॅटरीकडच्या वायरीला फ्यूज त्याने स्वतः बसवला आणि सांधे सिलिकॉनने असे बुजवले, की पाणी काय, संशयसुद्धा आत शिरू नये.

एवढ्यात बारक्याने केबिनच्या आत, स्टेअरिंगसमोरच्या आरशाखाली, वीतभर तुकडा चिकटवला.

"हा कशाला?"

"उरला होता."

तुकडा लाल होता. पांढऱ्या पट्टीतून लाल तुकडा कसा उरतो, हे दादाने विचारलं नाही. तो त्या तुकड्याच्या वायरीचा माग काढत निघाला. वायर केबिनमागून हौद्यात गेली होती, बारक्या नेहमी उभा राहतो तिथे, आणि तिच्या टोकाला बटण होतं. घरांना असतं तसं बेलचं बटण. त्याच्या कडेला निळ्या रंगाचा थेंब होता.

तो थेंब दादाच्या ओळखीचा होता. घराचं दार रंगवताना त्यानेच तो सांडला होता. बेल बिघडली म्हणून त्याच्या बायकोने, म्हणजे सगळ्या गल्लीच्या वहिनीने, ती उन्हाळ्यात काढून टाकली होती. तेव्हापासून ती घराचं दार उघडंच ठेवायची. म्हणायची, हवा खेळती राहते. थंडी पडली तरी हवा खेळतच होती.

म्हणजे हिलाही माहीत होतं.

दादा स्टेअरिंगवर जाऊन बसला. दिवस मावळला होता. बारक्या मागे चढला आणि हौदा पांढऱ्या उजेडाने भरला. दादाने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. आरशात बारक्या दिसत होता, अख्खा. "येऊ दे... येऊ दे..." त्याचे ओठसुद्धा वाचता येत होते. मग डोळ्यांसमोर लाल उजेड पडला आणि दादाचा पाय ब्रेकवर गेला.

तो उतरून मागे गेला. मागची भिंत वीतभर लांब होती. बारक्याचा हात सवयीने पत्र्यावर उगारलेला होता, पण थाप मारलेली नव्हती.

दादाने किल्ली पुढे केली. "घे."

"का? चाललं की!"

"मागची थाप दिसली रे. रस्त्यातला हॉर्न कोण दाखवणार? कान दाखवून होईपर्यंत तू चालव."

बारक्याने किल्ली घेतली. "दादा, पट्टी खरंच गिऱ्हाइकासाठी..."

"गप."

वहिनी उघड्या दारात उभी होती. ती जवळ आली आणि उजेडात, त्याच्यासमोर तोंड करून, सावकाश म्हणाली, "अहो, कानाचे डॉक्टर आठपर्यंत असतात. विचारून ठेवलंय मी."

"कधी विचारलंस?"

"उन्हाळ्यात."

दादाने तोंड उघडलं. "बघू" ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि हौद्यात चढला.

"अहो, पुढे बसा की!"

"माझी ड्यूटी मागे आहे."

वहिनी केबिनमध्ये बसली. बारक्याने हौद्याच्या काठाला हात लावला आणि तोंड वर केलं. "कानात मशीन बसेपर्यंतच हं, दादा. नंतर किल्ली परत घ्यायची."

"का? भीती वाटते?"

"पुढे बसून झोप येत नाही. मागे गाद्या असतात."

दादाला सगळं कळलं, गाद्यांसकट. बारक्या स्टेअरिंगवर बसेपर्यंत तो थांबला. मग निळ्या थेंबाच्या बटणावर बोट ठेवून त्याने दोनदा दाबलं.