कोरड्या घरात बुडालेला

नवऱ्याच्या आधी जी मेली ती भाग्याची, असं आपल्याकडे मानतात. ती कशी मेली हे मग कोणी विचारत नाही. रघूत्तमाची बहीण अंबुजा एक्क्याऐंशी साली अशीच भाग्यवान ठरली. लग्नाची हळद अजून नीट उतरलीही नव्हती, आणि एका सकाळी ती सासरच्या विहिरीत सापडली. पाणी काढताना पाय घसरला, असं तिचा नवरा सेतूराव म्हणाला. विहिरीचा कठडा चांगला कमरेइतका उंच होता. तिला शेवटचं न्हाऊ घालताना अम्मानं लेकीच्या मानेवर बोटांचे वळ पाहिले, रघूत्तमाला खुणेनं जवळ बोलावून दाखवले आणि पदर सारखा करून झाकले.

कुंभकोणमात मराठी घरं मोजकी, आणि जो तो एकमेकांचा कोणी ना कोणी लागणारा. वडीलधारे म्हणाले, पोलिसांत जाऊन दोन्ही घरांची अब्रू चव्हाट्यावर आणू नका. रघूत्तमाचे वडील वासुदेवराव मूग गिळून बसले. हे स्थळ अम्मानंच हौसेनं शोधलेलं, त्यामुळे तिला तर तोंडच राहिलं नाही. सेतूरावानं वर्षाच्या आत सीतालक्ष्मीशी लग्न केलं, आणि त्याचं तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांचं दुकान पूर्वीसारखंच चालत राहिलं.

सीतालक्ष्मी बिचारी देवभोळी. पहिलीचा कोप नको म्हणून दरवर्षी ती अंबुजेच्या नावानं सुवासिनी जेवू घालायची. अशा जेवणात एक केळीचं पान मेलेलीसाठी मांडतात. त्यापुढे कोणी बसत नाही. शेजारी दिवा आणि नवी साडी ठेवतात. त्या पानावर सगळं वाढायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, बाई, जेव आणि आशीर्वाद दे. मारलेल्या बाईकडे आशीर्वाद मागायला माणसाची जीभ कशी रेटते, हे रघूत्तमाला कधी कळलं नाही.

तो एका शाळेत चित्रकला शिकवायचा आणि मद्रासच्या एका मासिकासाठी चित्रकथा काढायचा. पंच्याऐंशी साली त्यानं ‘विहिरीतली सुवासिनी’ नावाची चित्रकथा काढली. त्यात मेलेली बायको ओल्या अंगानं विहिरीतून वर येते, तिच्यासाठी ठेवलेली साडी नेसते आणि तिच्यासाठी मांडलेल्या पानावर येऊन बसते. फक्त नवऱ्यालाच दिसते. तो वाढत जातो, ती जेवत जाते, आणि तिच्या एकेका घासाबरोबर नवऱ्याच्या घशात विहिरीचं पाणी चढत जातं. शेवटी तो भर माजघरात, भोवती पाण्याचा थेंब नसताना, उभ्या उभ्या बुडून मरतो. नवऱ्याची तुटकी भुवई, पुढचा सोन्याचा दात, सगळं सेतूरावाचंच होतं. हातचं काही राखून ठेवलं नव्हतं.

झालं काय, तर काहीच नाही. पोरं ती वाचून भ्यायली आणि विसरली. चणेवाल्यानं त्या कागदांच्या पुड्या बांधल्या. सेतूरावानं ब्र काढला नाही. त्याच्या नजरेला ती पडली की नाही हेसुद्धा कळलं नाही. रघूत्तम रस्त्यात त्याचा चेहरा निरखून बघायचा, आणि सेतूराव मान हलवून पुढे जायचा.

म्हणूनच नव्वद साली मद्रासहून कृष्णमूर्ती नावाचे निर्माते त्या कथेवर सिनेमा काढायचा म्हणून दारात आले, तेव्हा रघूत्तमाला देव पावल्यासारखं झालं. त्यानं दोनच गोष्टी मागितल्या. सिनेमा कुंभकोणमात लागला पाहिजे, आणि पडद्यावर त्याचं नाव ठळक आलं पाहिजे. अख्ख्या गावानं बघावं, आणि गावाच्या मधोमध बसून सेतूरावानं बघावं, एवढीच त्याची भूक होती. पुढे कथेचं काय करता हे त्यानं विचारलंच नाही. शहाणा माणूस, पण सूड घ्यायला निघाला की डोळे मिटून चालतो.

कृष्णमूर्तींनी दोन्ही शब्द पाळले. पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला रघूत्तम अम्माला घेऊन गेला. पडद्यावर ‘कथा: कुंभकोणम रघूत्तम’ अशी अक्षरं आली, तेव्हा अम्मानं ती एकेक लावून वाचली आणि त्याचा हात घट्ट धरला. दोन रांगा पुढे सेतूराव, सीतालक्ष्मी आणि त्यांची मुलं बसली होती.

नवरा झाला होता एक मोठा नट. आता असला नट बायकोचा गळा कशाला दाबेल? त्याचे चाहते थिएटर जाळतील. तेव्हा सिनेमात तिला मारलं एका जमीनदाराच्या गुंडांनी, नवरा परगावी असताना. मानेवरचे वळ होते, पण बोटं गुंडांची होती. विहिरीतली बाई वर आली ती जमीनदाराला बुडवायला. आणि शेवटी तिच्यासाठी मांडलेल्या पानापाशी नवरा ऊर फुटेस्तोवर रडला, तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याच्या दुसऱ्या बायकोची ओटी भरली आणि उजेडात विरून गेली. थिएटरातल्या बायका हुंदके देत होत्या. कोणीतरी पडद्यापुढे कापूर लावला. सेतूराव उपरण्यानं डोळे पुसत होता. रघूत्तमाला तोंड लपवायला जागा नव्हती, कारण नाव त्याचं होतं.

त्यानंतर आठवड्याच्या आतच सेतूराव आणि सीतालक्ष्मी हळदकुंकू घेऊन घरी आले. यंदा अंबुजेचं जेवण थाटात करायचंय, अम्मांनी सुवासिनी म्हणून यावं आणि लेकीच्या पानाशेजारी बसावं, असं सीतालक्ष्मी म्हणाली. इतकी वर्षं त्या घराची पायरीही न चढलेली अम्मा चटकन हो म्हणाली. ती माणसं गेल्यावर रघूत्तम तिच्यावर उखडला. वेड लागलंय का तुला, कोणाच्या घरी जेवायला निघालीस, असं वाटेल ते बोलला.

अम्मा शांतपणे म्हणाली, “तेनें नाहीं केलें रे. तूंच कीं दाखविलास.”

“तें सिनेमाचें पडम् आहे, अम्मा. तें खोटें.”

“तुझें नांव घातलेलें खोटें कसें होईल?”

“वळ तूं पाहिलीस. तूंच मला दाखविलीस.”

अम्मानं पदर सारखा केला. मग म्हणाली, “तेला मीच शोधून आणलें. माझ्या हातानें लेक नेऊन दिलें. इतकीं वर्षें एक घास सुखानें उतरला नाहीं मला. आतां उतरूं दे रे, बाळा.”

खरं सांगावं तर म्हातारीच्या गळ्याला पुन्हा फास, न सांगावं तर सेतूराव सोवळा. त्याला आईचा राग आला, तिची दयाही आली, आणि तो गप्प बसला. सगळं गाव गप्प बसलं म्हणून ज्यानं इतकी वर्षं दातओठ खाल्ले, त्याच्यावरही शेवटी ती पाळी आली.

जेवणाच्या दिवशी तोच अम्माला सेतूरावाच्या घरी घेऊन गेला. बायकांची पंगत आधी झाली. अम्मा अंबुजेच्या पानाशेजारी बसली आणि पोटभर जेवली. कितीतरी वर्षांनी तिनं मागून भात घेतला. मग पुरुषांची पानं मांडली. रघूत्तम उठून जाणार होता, पण अम्मानं नजरेनंच त्याला बसवलं.

सेतूराव स्वतः वाढत होता. सांबार वाढायला तो रघूत्तमापुढे वाकला आणि त्याला एकट्यालाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, “तुझें पुस्तक मी तेव्हांच पाहिलें होतें, रघूत्तमा.”

रघूत्तमानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“तेव्हांपासून ह्या दिवशीं मी घरांत राहत नव्हतों. गोविंदपुरम्, पापनाशम्, कोठेंही जायचों. ह्या घरांत पाणी घशांत अडकायचें. डोळा लागला कीं ओल्या साडीनें कोण उभें आहे म्हणून वाटायचें. हिला सांगूं कसें?” त्यानं भातावर आणखी एक पळी घातली. “तें पडम् पाहिलों अन् सगळें सरलें. तिनें डोक्यावर हात ठेवली. आतां निवांत झोंपतों. तुझे उपकार आहेत.”

तो पुढच्या पानाकडे गेला, आणि रघूत्तम बसल्या जागी आतून कोसळला. पोलीस, पंच, सगेसोयरे ह्यांच्यापैकी कोणाला जमलं नाही ते त्या चार आण्यांच्या चित्रकथेनं केलं होतं. हा माणूस वर्षानुवर्षं ह्याच घरात बुडत होता. आणि रघूत्तमानं त्याला स्वतःच्या नावानिशी हात देऊन बाहेर काढलं होतं. आता ती चित्रकथा पुन्हा काढावी म्हटली, तरी सेतूरावाला बुडवणारी ती अंबुजा परत येणार नव्हती.

सेतूराव पायसाचं भांडं घेऊन परत आला आणि वाढू का म्हणून त्यानं विचारलं. दाराशी विडा चघळत बसलेली अम्मा तिथूनच म्हणाली, “वाढा हो, तेला आवडतें.” पानावर पायस पडलं. अम्मा समाधानानं बघत होती, म्हणून रघूत्तमानं ते सगळं खाल्लं.