गोल शून्य

वृंदावन योजना या वसाहतीतल्या घरात दुपारी पंख्याचीच काय ती सोबत. नवरा, श्रीपाद, रेल्वेच्या कामावर गोंड्याला गेला होता, तो शनिवारी येणार. आठ महिन्यांची देविका पलंगावर झोपलेली, आणि तिच्या उशाशी मांडीवर लॅपटॉप घेऊन सुरुची त्याच त्या लाल ओळीकडे बघत बसली होती: इनव्हॅलिड फाइल.

बाळंतपणाच्या रजेनंतर तिचा हा दुसराच आठवडा. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधले बदल गोळा करायचे, फाइलींची यादी बनवायची आणि चारच्या आत सगळं पॅकेज सर्व्हरवर चढवायचं, हे तिचं जुनं काम. ते तिनं हट्टानं परत मागून घेतलं होतं. आज पॅकेज दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा आलं की काम दुसऱ्याच्या हाती, असा नियमच होता.

फोन वाजला. गोमती नगरच्या ऑफिसातून विक्रम, तिचा टीम लीड.

"सुरुची जी, क्या हुआ? ऋषभ को दे दूँ? फ़्री बैठा है."

"नहीं सर, बस सत्रहवीं लाइन है. देख रही हूँ."

"देखते-देखते चार बज जाएँगे. बच्ची छोटी है, कोई कुछ नहीं कहेगा."

कुणी काही म्हणणार नाही, हेच तर तिला नको होतं.

फाइल जागेवर होती. उघडत होती. आकार बरोबर. तरी तिनं ती नव्यानं उतरवून घेतली. यादीतलं नाव आणि फाइलचं नाव एकाखाली एक ठेवून बोट लावून वाचलं, अक्षरं मोजली. एकोणीस आणि एकोणीस. 'जरा तू बघ गं' म्हणायला घरात दुसरं माणूस नव्हतं. शेजारच्या भाभी भल्या होत्या, पण त्यांच्याशी बोलणं सब्जी आणि पाण्याची मोटर यांपलीकडे कधी गेलंच नाही.

सव्वातीनला देविका उठली ती रडतच. सुरुचीनं तिला ओढणीखाली घेतलं, लॅपटॉप पायांशी सरकवला, आणि तिथून दिसावं म्हणून अक्षरं तिप्पट मोठी केली. देविका दूध पिऊ लागली. सुरुची लांबून वाचू लागली. चार, शून्य, सात, एक.

शून्य गोल होतं.

बाकीच्या ओळींतली शून्यं अंड्यासारखी उभट. हे एकच बुटकं, वाटोळं.

मग तिला आठवलं. सकाळी ती लॅपटॉपवरच दुसऱ्या खिडकीत देविकासाठी मराठी शब्द लिहीत होती. दिवसभर कानावर हिंदीच पडायची, म्हणून पोरीसाठी रोज पाच-सहा शब्द: पाळणा, दुपटं, टाळ्या. मध्येच दिसलं, यादीत चार-सात-एक झालंय, शून्य राहिलंय. घाईनं तेवढं घातलं आणि ती परत शब्दांकडे वळली. कीबोर्ड मराठीवरच होता.

एका हातानं तिनं ते शून्य खोडलं, उभट घातलं, पॅकेज चढवलं. पावणेचारला हिरवी खूण आली. कारणाच्या रकान्यात 'टायपिंगची चूक' एवढं लिहून भागलं असतं. तिनं खरं ते लिहिलं.

लगेच विक्रमचा फोन. "ये मराठी ज़ीरो क्या होता है, भई?"

"वही जो हिंदी में है, सर."

"अच्छा? हिंदी में टाइप कौन करता है!" तो हसला. "आप किसके लिए लिख रही थीं?"

"बेटी के लिए."

"आठ महीने की? पढ़ लेती है?"

आता सुरुचीलाही हसू आलं. दिवसभरातलं पहिलंच.

"चलिए, अगला रिलीज़ भी आप ही कीजिए. बस वो कीबोर्ड हटा दीजिए. मशीन ऑफिस की है."

"जी सर."

फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं. मराठी कीबोर्ड काढायला दोन क्लिक पुरले. मग तिनं शब्दांची खिडकी उघडली. जुने सगळे जागच्या जागी होते. खाली आजचा एक राहिलेला लिहायला बोटं गेली, तर पडद्यावर बी-ए-एल उमटलं. असं लिहिलं तर इथं कुणीही 'बाल' वाचेल, म्हणजे हिंदीत केस. तिनं ते पुसलं.

"बाळ," देविकाकडे वळून ती म्हणाली. जीभ मागे वळवून, सावकाश. "बा-ळ."

देविका तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. सुरुचीनं परत म्हटलं.